रविवारच्या ऑनलाइन बुद्धिबळात चेष्टामस्करी बंद करावी का?

गोळीवाली_सातारा

नमस्कार मंडळी. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर आमची मराठी लोकांची एक टीम आहे. नाव देत नाही, कारण टीममधले निम्मे इथेही फिरत असतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते लगेच जाऊन सांगतील. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जमलो. तेव्हा नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी समय रैना वगैरे विनोदी मंडळींबरोबर ऑनलाइन खेळत, हसत बसायचा. ते बघून कित्येकांनी शाळेनंतर पहिल्यांदा पट मांडला, आमच्यातले बरेच त्याच लाटेतले. दर रविवारी रात्री साडेनऊला मी एरिना लावते, म्हणजे ठरल्या वेळात जमतील तितके डाव खेळायची स्पर्धा. ५+३ (प्रत्येकाला पाच मिनिटं, दर चालीला तीन सेकंद जादा), दीड तास. माझं मेडिकल आहे, नऊला शटर ओढते, म्हणून साडेनऊ.

प्रश्न विचारायच्या आधी मंडळींची ओळख करून देते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

आमचे अण्णा मिरजेचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. यांची चॅट म्हणजे चालती गाडी. समोरच्याने घोडा मागे नेला की "मागं सरका, मागं जागा आहे". अदलाबदल सुरू झाली की "सुट्टे द्या". शह दिला की एक बेल, मात दिली की डबल बेल. स्वतः हरले की "गाडी डेपोत" एवढंच लिहून पुढच्या डावाला. खेळ बेताचा आहे, पण अण्णा नसले की रविवार सुना जातो हे त्यांच्याकडून हरणारेही कबूल करतील.

न्यू जर्सीला एक आहेत, त्यांना आम्ही सगळे बी१२ म्हणतो. नमस्कार-चमत्कार नाही, आले की थेट ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचा, कोड टाकतात. बी१२ म्हणजे कॅरो-कानचा अॅडव्हान्स प्रकार, आणि तो ते काळ्याकडून रोज खेळतात. पहिल्या बारा चाली पुस्तकात कुठे, कुणी, कधी खेळल्या हे त्यांना पाठ. तेरावी स्वतःची खेळावी लागते, तिथून उतरण लागते. नोव्हेंबरात त्यांच्याकडची घड्याळं मागे गेली की आमचे साडेनऊ त्यांच्या दुपारी बाराचे सकाळी अकरा होतात, आणि दरवर्षी त्या रविवारी ते एक तास उशिरा येऊन मलाच वेळ का बदलली म्हणून विचारतात.

कोल्हापूर आणि इचलकरंजीचे दोघे साडू आहेत. एरिनात त्यांची जोडी लागली की ठरलेलं: ई४ ई५, मग पांढरा राजा ई२ वर, काळा राजा ई७ वर, परत घरी, परत बाहेर. २०२१ च्या मार्चमध्ये कार्लसन आणि नाकामुरा या बड्या ग्रँडमास्टरांनी ऑनलाइन स्पर्धेत हेच केलं होतं, सहा चालींत बरोबरी. त्या दोघांची पुढची फेरी आधीच पक्की झाली होती, म्हणून त्यांना परवडलं. आमच्या साडूंना परवडत नाही, कारण दहा चालींच्या आत बरोबरी केली तर एरिनात दोघांनाही भोपळा. पण ऐकतील तर शपथ. "मेहुणीचा संसार आहे, साडूला हरवायचं नसतं," हे वर ऐकवतात.

रत्नागिरीच्या एकाचं नाव आम्ही कर्ण ठेवलंय. साध्या डावात समोरच्याचा वेळ संपत आला की हा बटण दाबून त्याला पंधरा सेकंद बहाल करतो. स्पर्धेत ती सोय नसते, पण तिथेही समोरच्याचं नेट गेलं तर विजय मागण्याचं बटण येतं ते हा दाबत नाही. थांबून राहतो. तोवर त्याच्या नावावर पुढचे तीन डाव झाले असते. चॅटमध्ये त्याचा एकही शब्द मी आजवर वाचलेला नाही.

आणि सबबी! हरल्यावर दिलेल्या सबबी मी दुकानातल्या ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. कुकरची तिसरी शिट्टी. बोट घसरलं. नेट गेलं (मात झाल्याबरोबर परत आलं). सासरे म्हणाले घोडा घे. आजवरची सर्वोत्तम, माझ्या मते: "मला वाटलं माझे काळे आहेत." दिवाळीला मतदान होतं आणि जिंकणाऱ्याला खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण पोस्टाने जातं. तोच सबबींचा करंडक. बडोद्याच्या एका प्राध्यापकांनी तो शोकेसमध्ये ठेवल्याचा फोटो पाठवला होता.

तर आता प्रश्न. मध्यंतरी एक आठवीतला मुलगा टीममध्ये आला. ब्लिट्झचं, म्हणजे झटपट डावांचं, रेटिंग २१०० च्या आसपास, आमच्यात तेवढं कुणाचंच नाही. पहिल्याच रविवारी त्याने सगळ्यांना ओळीने झोपवलं. अण्णांना तर वजीर बाहेर काढायलाही वेळ दिला नाही. अण्णांनी लिहिलं, "हाफ तिकीट, पण सीट पूर्ण घेतली." सगळे हसले. दोन रविवार तो आला, मग टीम सोडून गेला. त्याच्या आईचा निरोप आला की तुमच्याकडे मुलाला टोमणे मारतात, तो आता खेळायचंच नाही म्हणतोय.

तेव्हापासून टीममध्ये दोन तट. एक म्हणतो चॅट बंद करा, आपण खेळायला येतो. दुसरा म्हणतो मग रविवारी साडेनऊला यायचंच कशाला, बॉटशी खेळू. अण्णा गप्प आहेत, आणि तेच मला जास्त लागतंय. ज्यांनी अशा टीम चालवल्या आहेत त्यांनी सांगा, तुम्ही काय करता? "सगळ्यांनी सौजन्याने वागावे" अशी पाटी लावा हे सोडून.

पुणेरी_उंट

आधी सोयींचं सांगतो. एरिना तयार करतानाच गप्पा ठेवायच्या की नाही हा पर्याय येतो. टीमची चॅट सगळ्यांना, फक्त टीम चालवणाऱ्यांना किंवा कुणालाच नाही, असं ठरवता येतं. ज्याला स्वतःला नको असेल त्याच्यासाठी झेन मोड आहे, पट सोडून बाकी सगळं नजरेआड जातं. मुलांसाठी किड मोड आहे, खात्याच्या सेटिंगमध्ये. तो चालू केला की गप्पा, निरोप, फोरम काहीच त्या खात्याला मिळत नाही. आईला हे आधी सांगायला हवं, बहुतेक पालकांना माहीत नसतं. आणि चालू डावात बघ्यांची बडबड खेळणाऱ्यांना दिसत नाही, तेव्हा तेवढी भीती नको.

आता मत. आम्ही आमच्या टीमची चॅट मध्ये बंद करून पाहिली. लोक व्हॉट्सअॅपवर गेले. तिथे जे चाललं ते इथल्यापेक्षा वाईट होतं, कारण तिथे आम्ही चालवणारे नव्हतोच. परत उघडली. बंद करू नका. आणि साडूंना सांगा, करायचंच असेल तर अकराव्या चालीनंतर करा. निदान एकेक गुण तरी मिळेल.

जुनं_प्यादं

मी पत्राने बुद्धिबळ खेळलेला माणूस. एका कार्डावर एक चाल, पत्ता, सही आणि उरलेल्या जागेत टोमणा. जळगावच्या एका गृहस्थांशी एक डाव काही वर्षं चालला होता. ते चालीखाली लिहायचे, "आपली तब्येत बरी ना? कारण चाल तशी वाटत नाही." मी उत्तर जुळवायला दोन दिवस घ्यायचो, चाल तासाभरात सुचलेली असायची. कार्ड उघडं असल्यामुळे आमचा पोस्टमनही त्या डावात शिरला होता. सायकल टेकवायच्या आधीच ओरडायचा, "काका, उंट गेला तुमचा!"

तुमच्या अण्णांचं मला काही वावगं वाटलं नाही. फरक एवढाच की जळगावच्या गृहस्थांना मी पाहिलं नव्हतं तरी त्यांचं वय, नोकरी, मूळव्याध सगळं मला माहीत होतं. ऑनलाइन समोर फक्त टोपणनाव आणि आकडा. नायजेल शॉर्टसारखा ग्रँडमास्टर २००१ मध्ये छातीठोक सांगत होता की इंटरनेटवर विचित्र राजा फिरवत त्याला धुऊन काढणारा अनामिक म्हणजे माजी जगज्जेता बॉबी फिशरच. फिशरने साफ नाकारलं. म्हणजे शॉर्टलाही पलीकडे कोण बसलंय ते कळत नव्हतं. आपल्याला काय कळणार, आठवीतलं पोर आहे की आठवीचा मास्तर.

नव्या माणसाला पहिले काही रविवार सोडा की. मग हळूहळू घ्या त्याला ओढ्यात.

अडीच_घर

ताई, मी नागपूरची, कॉलेजात आहे, शाळेपासून खेळते. थोडं उलट बोलते, राग मानू नका.

लहान असताना स्पर्धेत मी एका काकांना हरवलं. त्यांचे मित्र त्यांना हसत म्हणाले, "अरे, पोरीकडून हरलास!" चेष्टा काकांची होती, सगळे हसले, काकाही हसले. मी तिथेच उभी होते, हातात निकालाची चिठ्ठी घेऊन. कुणी मला काही बोललं नाही, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. तुमच्या "हाफ तिकीट"ला मी कदाचित हसले असते, खरं सांगते. पण दर रविवारी प्रत्येक डावानंतर माझं वयच निघालं असतं तर नसते हसले. घोडा चुकला तर घोड्याला बोला, त्याला काय वाटतं!

आमच्या गावच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये वाइक-आन-झीच्या स्पर्धेनंतर जाहीर लिहिलं होतं की लोक तिचे कपडे, केस, बोलण्याचा ढंग यावरच बोलतात, डाव कसा झाला हे राहून जातं. तेव्हा ती अठराची होती. पुढच्या वर्षी बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तेच लोक डावाबद्दल बोलायला लागले. सगळ्यांना विश्वचषक जिंकेपर्यंत थांबता येत नाही ना.

चॅट बंद करू नका असंच माझंही मत. पण त्या मुलाला विचारलंत का नक्की काय लागलं? आईचा निरोप आलाय, त्याचा नाही.

ता. क. सासरे म्हणाले घोडा घे, हे मी यंदा वापरणार. लग्न झालेलं नाही, तरी.

डबलबेल

ताई, मीच तो मिरजेचा. जावयानं दाखवलं हे, मला वाटलं निवृत्तीवेतनाचं काहीतरी आहे.

मी गप्प होतो कारण माझा नातू पण आठवीत आहे आणि मी त्याला विचारलं की हाफ तिकीट म्हटलेलं वाईट का रे. तो म्हणाला, आजोबा, वाईट नाही, जुनं आहे. हे मला जास्त लागलं.

पण ऐका. ते पोरगं गेल्यावर त्यानं मला लिचेसवर एक डाव लावलाय. पत्रावाणी, एका चालीला तीन दिवस. रोज चाल येते. खाली त्यानं एकदा लिहिलं, "काका, तिकीट काढलंय, बसू का?" म्हणजे माझ्यावर राग नसावा. मग मी सरळ विचारलं, बाळा, सोडलंस का? तो म्हणाला, मी इंजिन लावतो, म्हणजे कॉम्प्युटरला विचारून चाली खेळतो, असं एकानं लिहिलं म्हणून. आईनं बाजूला बसून वाचलं ते. तिनं विचारलं इंजिन म्हणजे काय, आणि ह्याला सांगावं लागलं की त्याला चोर म्हणतायत.

अठ्ठावीस वर्षं गाडीत होतो. फुकट्याला पकडलं पण तिकीट असलेल्याला कधी फुकट्या म्हटलं नाही. म्हटलं असतं तर गाडीतनं उतरवला असता लोकांनी मला. कुणी लिहिलं ते मी सांगत नाही. तुम्ही वर जाऊन वाचा.

गोळीवाली_सातारा

गेले वाचत. सापडलं. दुसऱ्या रविवारी, शेवटच्या दहा मिनिटांत, साडूंच्या राजांवर हास्यकल्लोळ चालला होता त्यात बुडून गेलेली एक ओळ: "बाळ, इंजिन बंद कर आता, झोपायची वेळ झाली." खाली दोन हसरे चेहरे. नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल, आणि कोडवरून इतरांनाही कळेल.

हे टोमण्यात मोडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वजीर फुकट घालवलास म्हटलं तर माणूस पुढच्या डावात वजीर सांभाळून दाखवतो. इंजिन लावतोस म्हटलं तर काय दाखवणार? चांगली चाल खेळला की संशय वाढतो, वाईट खेळला तर "बघा, बंद केलं". यातून बाहेर पडायला दारच नाही. २०२२ च्या सप्टेंबरात कार्लसन सिंकफील्ड कपात नीमन या तरुण ग्रँडमास्टरकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. लबाडीचा उघड आरोपही तेव्हा केला नव्हता, फक्त निघून गेला, तरी जगभर धुरळा उडाला. कोर्टात गेलेलं ते भांडण मिटायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. ते दोघं मोठे, त्यांच्यामागे वकील. हा आठवीतला, त्याच्यामागे आई.

मी ठरवलंय ते असं. चॅट चालू राहील. "इंजिन" हा शब्द चॅटमध्ये कुणाबद्दलही, गमतीतही लिहायचा नाही. लिहिला की त्या रविवारपुरता चॅटमधून बाहेर, मग तो बी१२ असो नाहीतर अण्णा. खरंच संशय असेल तर खेळाडूच्या पानावर तक्रारीचं बटण आहे, ते गुपचूप दाबा. तपासणारे तिथे बसलेत, त्यांना चालींचा हिशोब मांडता येतो, आपल्याला येत नाही. आपल्याला फक्त हरल्याचा राग येतो. जुनं_प्यादं यांचं पहिले काही रविवार सोडण्याचं मान्य. किड मोडचं आजच त्याच्या आईला लिहिते, पण ठरवायचं त्या दोघांनी. तो अण्णांशी चालीखाली बोलतोय ते बंद पडलं तर मला आवडणार नाही.

वयाबद्दल अडीच_घर म्हणते ते मला अजून पूर्ण पटलेलं नाही. अण्णांचं वय आम्ही दर रविवारी काढतो, "ज्येष्ठ नागरिक, पुढची सीट" म्हणून, आणि ते त्यावर जगतात. पण अण्णा सहा वर्षं आमच्यात आहेत. विचार करते.

अडीच_घर, तू ये रविवारी. सासऱ्यांना घेऊन.

बी१२

कोड मीच वाचला, तेव्हा लिहितो. त्या डावात त्याने माझ्याविरुद्ध तेरावी चाल खेळली, एफ५ वर प्यादं ढकललं, ती कुठल्याही पुस्तकात नाही. नंतर तपासली. उत्तम चाल होती. मी वीस वर्षं ही पोझिशन खेळतोय, मला ती सुचली नव्हती, आणि ते एका मुलाला चार सेकंदांत सुचावं हे त्या क्षणी पचलं नाही. हसरे चेहरे टाकले म्हणून गंमत झाली असं मला वाटलं होतं.

त्याला निरोप पाठवलाय. माफी मागितली आणि ती चाल कशी सुचली विचारलं. उत्तर आलं: "समोर काही दिसत नव्हतं म्हणून ढकललं."

हे मी कुठे नोंदवू?

डबलबेल

सबबींच्या वहीत घ्या ताई. जिंकल्याची सबब अजून कुणी दिलेली नाही.

गोळीवाली_सातारा

घेतली. दिवाळीला मतदानाला ठेवते. झाकण शिल्लक आहे, पण यंदा पाच मिलीचं आहे.